कारण नसलेलं कलम

ताई,

तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि सुर्वेंचा फोन आला. सुर्वे म्हणजे आमदारांचे पीए. तोंडावर तुम्ही त्यांना ‘सुर्वे साहेब’ म्हणायचात आणि फोन ठेवला की ‘घाईवाला’. आधी ते म्हणाले, “वाईट झालं.” थोडं थांबले आणि म्हणाले, “मॅडम, ग्रंथालयाच्या विधेयकातलं कलम तीन ठेवायचं की चार? दोन्ही ठेवली तर विभाग आडवा येईल. हिराताई कळवते म्हणाल्या होत्या. आता तुम्हीच कळवा.”

“कळवते,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि हे तुम्हाला विचारायला हवं म्हणून तुमचा नंबर काढला. स्क्रीनवर तुमचा फोटो आला, खाडीवरचा, गॉगल घातलेला. तेव्हा कळलं मी काय करते आहे.

वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिही, असं मला सांगितलं आहे. तुम्ही ग्रंथपाल कधी झालात, कुठे शिकलात, कुणी सत्कार केला, ते दुसरं कुणीतरी लिहील. मला आपलं भांडणच लिहिता येईल. ते अर्धं राहिलं, आणि त्यातलं माझ्या बाजूचं मी कधी नीट बोललेच नाही.

सानपाड्याहून करावे गावात, तुमच्या वाचनालयात येणं काही सोयीचं नव्हतं. आमच्या सेक्टरातही एक वाचनालय आहे. पण तिथे आमच्या सोसायटीतले दोन काका रोज पेपर वाचायला बसतात, आणि मला ओळखीचं कुणी नको होतं. कॉलेज संपलं तसं कॉलेजचं लॉगिनही संपलं होतं. विद्यार्थिनी होते तोवर जगभरची जर्नल्स एका पासवर्डवर उघडायची. निकाल लागला आणि तीच पानं मला बाहेरची समजू लागली. काही सार्वजनिक वाचनालयांना प्रयोग म्हणून ऑनलाइन डेटाबेस वाचायला मिळाले आहेत, त्यात करावेचं एक आहे, असं कळलं आणि मी आले.

समाजमंदिराच्या वरचा मजला, लोखंडी जिना. खाली कुणाची हळद असली की वर कपाटांच्या काचा डीजेने थरथरायच्या. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि नाव विचारलंत. मी इतकी गोंधळले होते की म्हटलं, “सानपाडा.”

“बरा नाव ठेवलाय आईबापानी,” तुम्ही म्हणालात. मी खरं नाव सांगितलं, तुम्ही ते रजिस्टरमध्ये लिहिलंतही. पण हाक मारताना मी शेवटपर्यंत सानपाडाच राहिले. “ए सानपाडा, पंखा लाव.” “सानपाडा, ह्या आजोबांना त्यांचा चष्मा दे, त्यांच्याच डोक्यावर हाय.”

‘शांतता राखा’ ही पाटी तुमच्या टेबलाच्या बरोबर वर लावलेली होती आणि ती सगळ्यात जास्त तुम्हीच मोडायचात. मला सुरुवातीला ते फार विचित्र वाटलं. मी ज्या शाळेत शिकले तिथे लायब्ररीत खुर्ची सरकवली तरी मिस डोळे वटारायच्या. तुमच्याकडे वाचन म्हणजे ऐकण्याची गोष्ट होती. गावातल्या कितीतरी माणसांना वाचता यायचं नाही आणि काहींना येत असूनही त्रास व्हायचा, म्हणून सकाळी पेपर आले की तुम्ही खुर्ची मधोमध ओढायचात आणि मोठ्याने सुरू करायचात. ऐकणारे मध्येच तोडायचे, मंत्र्याला शिव्या द्यायचे, मरणाच्या बातमीत ओळखीचं कुणी आहे का विचारायचे. डेटाबेस आल्यावर तुम्ही त्याचंही तेच केलंत. पडद्यावर जे उघडेल ते साऱ्या खोलीचं.

तो निवट्यांचा निबंध आठवतो? करावेच्या खाडीतल्या चिखलात सापडणारा तो डोळे वटारलेला मासा. त्याच्यावर कुणीतरी इंग्रजीत पानंच्या पानं लिहिली होती.

“ऐका रं, आपल्या निवट्यांवर लिवलाय,” तुम्ही ओरडलात. “धर्मा, तुज्या होडीत दोन पोरी आन् एक चष्मेवाला येत व्हता ना, बाटल्या घेऊन? त्यांनी लिवलाय.”

धर्मादादा, तुमचा भाऊ, दारात उभा होता, पायांना चिखल. तो आत आला. “मी सगला दाखवला त्यांना. माजा नाव हाय का बघ.”

तुम्ही खाली खाली गेलात. “‘स्थानिक मच्छीमारांचे आभार.’”

“म्हंजे कोन?”

“म्हंजे तूच ना येड्या.”

“मंग तसा लिवायचा ना.”

सगळे हसले. धर्मादादाही हसला, पण ती ओळ त्याने तुम्हाला परत वाचायला लावली. पुढचा सगळा वेळ तुम्ही तो निबंध खोलीला सांगत होतात. शब्द अडला की, “सानपाडा, ह्याला काय म्हनायचा?” मी कोपऱ्यातून हळू आवाजात अर्थ सांगायचे आणि तुम्ही तो स्पीकरसारखा मोठा करायचात. घरी जाताना मला जाणवलं की इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, आणि ते मला कळलंही नव्हतं.

आणि मग तो रविवार.

मला आकडी येते, ताई. एपिलेप्सी. शाळेत असल्यापासून. घरी हा शब्द कुणी उच्चारत नाही. आई ‘तुझा तो त्रास’ म्हणते आणि खिडकी लावून घेते. नातेवाइकांना माहीत नाही, सोसायटीत माहीत नाही, ऑफिसात तर नाहीच. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि मला काही गोष्टी डॉक्टरांना विचारायचा धीर होत नव्हता, कारण आई शेजारी बसलेली असायची. ते मी वाचायला आले होते. म्हणून भिंतीकडे पाठ करून बसायचे आणि पडदा तिरका करून ठेवायचे.

तुम्ही चहाचा कप द्यायला बाजूने आलात. पडदा दिसला, आणि सवयीने वाचलंत. मराठीत. मोठ्याने.

“आकडीची औषधां चालू असताना बालंतपनात काय काल्जी घ्यायची. हां, हे चांगला हाय. ऐका गं बायांनो.”

खोली वळली, दारातला धर्मादादाही. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, “कोनाला हाय आकडी?”

“मैत्रिणीसाठी,” मी म्हटलं.

“बरा केलास,” तुम्ही म्हणालात, खुर्ची ओढलीत आणि तो सगळा लेख समजावून सांगायला लागलात. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरशी बोलायचं. नीट काळजी घेतली तर बहुतेक बायकांचं सगळं सुखरूप होतं. “मैतरनीला सांग,” शेवटी तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, “घाबरू नको म्हनावा.”

ताई, मला तिथून पळून जायचं होतं. आणि त्याच वेळी, जे ऐकायला मी कितीतरी वर्षं थांबले होते ते कुणीतरी मला स्पष्ट, साध्या मराठीत, न घाबरता सांगत होतं. मला त्या दिवशी तुमचा जितका राग आला तितका कधी कुणाचा आला नाही. आणि ती थाप अजून पाठीवर आहे.

पुढे वर्ष संपलं आणि प्रयोगही. एका सोमवारी पडदा पासवर्ड मागू लागला. धर्मादादा कुणा पाहुण्याला निवट्यांचं दाखवायला घेऊन आला होता. तुम्ही पुन्हापुन्हा तेच बटण दाबत होतात.

“आमच्याच खाडीवर लिवलाय आन् आमालाच वाचाया नाय,” तो म्हणाला.

“मेहेरबानी व्हती ती,” तुम्ही म्हणालात. “आज दिली, उद्या काढली. कायदा असला तं निदान भांडता आला असता.”

मला वाटलं, बोलून गेलात. पण तुम्ही खरंच ग्रंथालयाचा कायदा काढून वाचायला बसलात, आणि मला सांगितलंत की ह्यात पुस्तकं आहेत, मासिकं आहेत, इमारत आहे, अनुदान आहे, पण पडद्यावर वाचायचा हक्क कुठे नाही. ग्रंथालयवाल्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आमदारांना गाठलंत. ते म्हणाले, मसुदा द्या, मी अशासकीय विधेयक म्हणून मांडतो. सरकारने आणलेलं नसून एका सदस्याने स्वतःहून आणलेलं विधेयक, असा त्याचा अर्थ तुम्हीच मला समजावलात. आणि बजावलंत, “तुजा लॅपटॉप घेऊन ये. मराठीत लिवायचा हाय, तुला येत नसला तरी.”

त्या दुपारी मला फार आवडायच्या, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. वाचनालय बंद झाल्यावर आपण दोघीच. बोलताना ‘हाय’ आणि ‘नाय’ म्हणणाऱ्या तुम्ही लिहायला सांगताना एकदम ‘असेल’ आणि ‘यथास्थिति’ सांगायला लागायचात, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचात. “काय बघतंस? सरकारशी बोलताना सरकारासारखा बोलायचा.” मी वाक्य आधी इंग्रजीत रचते आणि मग ओढूनताणून मराठीत आणते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. “उलटा चालतंय तुजा वाक्य. खेकड्यासारखा.” मी ते सुलट करायचे.

तुम्ही डबा उघडायचात. सुकट, तांदळाची भाकरी, कधी चिंबोरीचं कालवण. माझ्यापुढे सरकवायचात. मी म्हणायचे, “नको, मी खाऊन आले.” दर वेळी. गोळ्यांमुळे दुपारी मला मळमळतं, कसल्याही वासाने, आईच्या फोडणीच्या वासानेही. पण ते सांगायचं तर गोळ्यांचं सांगावं लागलं असतं. मी खुर्ची जरा खिडकीकडे सरकवायचे. तुम्ही डबा लवकर संपवून बंद करायचात.

कलम तीन तुमचं होतं. राज्यातल्या कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात जी व्यक्ती येईल, ती सभासद असो वा नसो, तिच्याकडे ओळखपत्र असो वा नसो, तिला तिथे बसून हे सगळं वाचता आलं पाहिजे. कलम चार माझं. सभासदाला आपल्या घरून वाचता आलं पाहिजे, आणि त्याने काय वाचलं हे कुणालाही दिसता कामा नये. सुर्वेंनी तेव्हाच सांगितलं होतं की एकच ठेवा. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, ठरवू. विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. तुमचं म्हणणं होतं, ज्या कलमाचं कारण तिथे नीट लिहिता येईल ते राहील.

“माजा लिवून झाला,” तुम्ही म्हणालात. “तुज्या कलमाचा कारन सांग.”

“प्रायव्हसी.”

“ते नाव झाला. कारन सांग.”

“कुणी काय वाचतंय ते दुसऱ्याला दिसू नये.”

“का दिसू नये? चोरी हाय का?”

“चोरी नाही, पण...”

“पन काय?”

खाली कुणीतरी मंडपाच्या खुर्च्या एकात एक ठेवत होतं, त्याचा आवाज येत होता.

“माज्या कलमाला धर्मा हाय,” तुम्ही म्हणालात. “ओले पाय घेऊन येतंय, सभासद नाय, कार्ड घरी राह्यलेला असतंय. तुज्या कलमाला कोन हाय?”

“लोक आहेत.”

“कंचे लोक? तुमचे सोसायटीवाले? दार लावून जेवतात, तशी दार लावून वाचतील. तुमाला मानसाच्या शेजारी बसायचा नसतंय, बाकी काय नाय.”

मी लॅपटॉप मिटला. “फाइन. तुमचंच ठेवा.”

“बघा, रागावली सानपाडा,” तुम्ही म्हणालात. पण त्यात नेहमीचं हसणं नव्हतं. मी जिना उतरताना तुम्ही वरून काहीतरी बोललात, ते मला ऐकू आलं नाही. मी परत वर जाऊन “काय म्हणालात?” असं विचारलं नाही. अजून वाटतं, काय असेल ते? ‘पंखा बंद केला का’ असंही असेल.

त्यानंतर मी दोनदा आलेच नाही. तुमचा मेसेज आला: “रविवारी ये. भांडन अर्धा राह्यलाय. कारन घेऊन ये.” मी अंगठा पाठवला. मी येणार होते, ताई. खरंच. काय सांगायचं ते घरी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण शनिवारी संध्याकाळी मला आकडी आली, बऱ्याच महिन्यांनी. रविवारी मी जीभ चावलेली आणि अंग ठेचल्यासारखं झालेलं अशी पडून होते. तुम्हाला लिहिलं, “काम आलं, सॉरी.” तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझ्याजवळ अगदी खरं, अगदी पुरेसं कारण होतं आणि मी ते ‘काम’ या शब्दाखाली झाकून टाकलं. तो आठवडा संपायच्या आत तुम्ही गेलात.

सुर्वेंचा फोन आल्यावर मी दोन दिवस विचार केला. तुमचं कलम ठेवायचं, असं ठरवलं. ते सोपं होतं आणि चांगलंही दिसत होतं: ताईंच्या इच्छेला मान. पण कळवण्याआधी करावेला जावंसं वाटलं. गेले तोवर दिवसकार्य उरकलं होतं. तुमच्या अंगणात बायका भांडी घासत होत्या, धर्मादादा पायरीवर बसला होता. मला बघून त्याने सरकून जागा केली.

“सानपाडा ना तू? बस. चाय घेनार? का आमची चाय पन चालत नाय?”

“चालते की. असं का म्हणता?”

“ताई बोलायची.” तो अजिबात रागात नव्हता, आठवण काढल्यासारखं सांगत होता. “त्या पोरीला आपल्या मासल्यांचा वास येतंय, बोलायची. म्हनून घरून वाचायचा कलम टाकतंय. लय वाईट वाटलेला तिला. जेवायला बसली की काडायची.”

मी तिथे बसले होते आणि मला तो डबा दिसत होता, लवकर बंद होणारा. तुम्ही हे मनात घेऊन गेलात. तुमच्यासारखी बाई, जिला मनातलं मनात ठेवता यायचं नाही, तिने हे मात्र मला बोलून दाखवलं नाही. माझं एका वाक्याचं काम होतं. तुम्ही तीनदा विचारलंत.

“तसं नव्हतं, दादा,” मी म्हटलं.

“मंग कसा व्हता?”

“मला आकडी येते.”

भांडी घासणाऱ्या एका बाईचा हात थांबला. घराबाहेरच्या कुणालाही मी हे पहिल्यांदाच सांगत होते, आणि माझा आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला होता.

“कवापासून?”

“शाळेत असल्यापासून. गोळ्या चालू आहेत. त्यांनी दुपारी मळमळतं, म्हणून मी काही खायचे नाही. मासळीचं काही नव्हतं.”

“म्हंजे त्या दिवशी ताईनी वाचला ते... मैतरीन म्हंजे तूच?”

“हो.”

“अरे देवा.” आणि जरा वेळाने, “मंग सांगायचा ना तिला. ती काय गावभर करनार व्हती?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि तोच आधी हसला. “करला असता. सकाली पेपरासारखा वाचला असता.”

आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला तो लवकर काढला नाही. टॉवेलाआडूनच म्हणाला, “पन मंग तुज्यासाठी रोज पेज आनली असती तिनी. गरम, मीठ घालून. तू नको बोलली असतीस तरी आनली असती.”

हे खरं आहे. तुम्ही गावाला सांगितलं असतंत, आणि पेजही आणली असतीत. मला पहिल्याची भीती वाटली, आणि दुसरी गोष्ट माझ्या कल्पनेतच आली नाही. आमच्या घरात ज्याला कळतं तो एक पाऊल मागे सरकतो. कळल्यावर जवळ येणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं, म्हणून समोर असून ते मला ओळखता आलं नाही.

घरी येऊन मी कारण लिहायला बसले. ‘काही व्यक्तींस आपल्या आजाराविषयी इतरांसमोर वाचणे संकोचाचे वाटते’ असं लिहिलं. ते तुमच्यापुढे टिकलं नसतं. काही व्यक्तींस म्हणजे कुणाला? मी ते खोडलं आणि लिहिलं की ज्या मुलीला आकडी येते आणि जिच्या घरी तो शब्दही बोलला जात नाही, तिला आपल्या आजाराबद्दल खरं काय ते कळण्याची जागा बहुधा हीच असते; आणि तिथेही तिला चारचौघांत बसून वाचावं लागलं, तर ती वाचणारच नाही. लिहायला संध्याकाळ गेली. सुलट झालं की नाही, तपासायला कुणी नव्हतं.

सुर्वेंना फोन केला. माझी तयारी होती: दोन्ही कलमं का हवीत, विभागाला काय सांगता येईल, कुठे तडजोड करता येईल. मी माझं स्वतःचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो मॅडम, मग ठेवा ना दोन्ही.”

“पण तुम्ही तर म्हणाला होता...”

“विभागाशी बोलायला एक असलं की सोपं जातं, इतकंच. नाहीतरी अशासकीय विधेयक आहे. चर्चेला आलं तर मंत्री आश्वासन देतील, साहेब मागे घेतील. असंच होतं ते. ह्यात टेन्शन घेण्यासारखं काही नाही.”

मी इतकंच विचारलं, “हे हिराताईंना माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, मागं घ्या नायतर पुढं घ्या, लिवलेला ऱ्हातंय. मंग नीट लिवायचा. फार हट्टी होत्या हो.”

तुम्हाला माहीत होतं! विधेयक मागेच घेतलं जाणार होतं, म्हणजे माझं कलम राहिलं काय आणि गेलं काय, सारखंच; आणि हे माहीत असून तुम्ही माझ्यामागे कारण, कारण करत बसलात. मला तुमचा इतका राग आला, ताई, की मी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. मला का सांगितलं नाहीत? मी आयुष्यभर जे लपवलं ते तुम्ही एका विधेयकासाठी मागत होतात, आणि ते विधेयकही होणारं नव्हतं. मग तो राग जरा बसला आणि लक्षात आलं की मला न सांगण्याचा अधिकार तुम्हालाही होता. मी तरी तुम्हाला काय सांगितलं होतं? आपण दोघी आठवड्यामागून आठवडे एका टेबलावर बसलो आणि एकमेकींबद्दल चुकीचं समजून घेत राहिलो. मला वाटायचं तुम्हाला माणसाच्या आत काय चाललंय ते दिसतच नाही. तुम्हाला वाटायचं मला वास येतो.

यातलं काय दुरुस्त होणार आहे आता? धर्मादादाला मी सांगितलं, पण तो तुम्ही नाही. तुमचा गैरसमज तुमच्याबरोबर गेला, तो तिथून काढून आणता येत नाही. अंकातला हा लेख कुणीतरी वाचनालयात वाचेल तेव्हा करावेत सगळ्यांना कळेल, सानपाड्यातही कळेल. आईला मी परवाच सांगितलं की मी हे लिहिते आहे. ती खिडकी लावायला उठली, आणि न लावताच परत येऊन बसली.

आज मी मसुदा पाठवला. तुमच्या कलमाचं कारण तुम्ही सांगितलं होतं तसंच ठेवलं, एक शब्द हलवला नाही. त्याच्या खाली माझं. तुम्ही असतात तर माझं एखादं वाक्य नक्की खोडलं असतंत. कुठलं, ते मी बराच वेळ शोधत होते. सापडलं नाही, म्हणून तसंच गेलं.

अधिवेशनात ते कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. आलं तर सदस्य उभे राहतील, मंत्री आश्वासन देतील, आणि विधेयक मागे घेतलं जाईल. तुमचं कलम आणि माझं कलम, एकाच वाक्यात. त्या वेळी तरी आपण दोघी एका बाजूला असू, ताई.